पोच

२००४ सालची दिवाळी तोंडावर आली होती. निवडणुकीचा गुलाल अजून कार्यालयाच्या भिंतीवरून निघाला नव्हता आणि आमच्या आमदारांचा, अप्पांचा, स्वीय सहायक म्हणून माझा तो पहिला दिवस होता. सकाळी सातला शटर वर केलं तर पायरीवर एक म्हातारबाबा आधीच येऊन बसलेले. डोक्याला मुंडासं, मांडीवर खताच्या गोणीची शिवलेली थैली. मी त्यांचा अर्ज घेतला आणि म्हणालो, "ठेवतो अप्पांपुढं. या तुम्ही."

बाबा जागचे हलले नाहीत. "पोच द्या," म्हणाले.

"बाबा, हे काय सरकारी हापिस आहे का? इथं कसली पोच?"

त्यांनी थैली माझ्या टेबलावर उपडी केली. आतून अकरा कागद निघाले. प्रत्येकावर गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक, कुणाची तरी सही. पाच वर्षांत वेगवेगळ्या कार्यालयांत दिलेल्या अर्जांच्या त्या पोचा होत्या. "पोचा लई हायत लेकरा," बाबा म्हणाले, "उत्तर एक बी न्हाई."

अप्पा आतून हे ऐकत होते. बाहेर आले, चष्मा लावला आणि अकरा कागद तारखेप्रमाणे टेबलावर मांडले, पत्त्याचा डाव मांडावा तसे. पंधरा मिनिटं वाचत उभे राहिले. मग त्यांनी बाबांना एकच विचारलं, "शाळेत गेला होतात का?" बाबा म्हणाले, "न्हाई." घोळ तिथंच होता. म्हातारपणाच्या सरकारी पेन्शनसाठी वय पासष्टच्या पुढं असल्याचा पुरावा लागतो. बाबांकडं शाळेचा दाखला नव्हता, जन्माची नोंद नव्हती. अर्ज दर वेळी त्याच कारणानं बाजूला पडत होता. कागद नसेल तर सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला चालतो, ही गोष्ट पाच वर्षांत एकाही टेबलावरून त्यांना कळली नव्हती.

दाखला आला, प्रकरण समितीपुढं गेलं, पगार सुरू झाला. आमच्याकडं या पेन्शनला 'पगार'च म्हणतात. पण त्या दिवशी अप्पांनी मला जे सांगितलं त्यावर पुढची पंधरा वर्षं, तीन टर्म, मी काम केलं. ते म्हणाले, "कागद आला की पोच द्यायची, तो माणसाचा हक्क आहे. पण पोच म्हणजे काम झालं असं धरायचं नाही. उत्तर त्याच्या दारात पोचलं की मग खरी पोच."

आमदार लोकांना दिसतो तो दोनच ठिकाणी, व्यासपीठावर आणि टीव्हीवर. मधला जो प्रवास आहे, कागदाचा, फाईलचा, उत्तराचा, तो पडद्याआड होतो. त्या पडद्याआड मी उभा होतो. तिथले हे किस्से.

हे खरे आहे काय

पहिल्याच उन्हाळ्यात कालव्याच्या टेलच्या एका गावातून पत्र आलं. शाळेच्या वहीचं पान, पेन्सिलीनं एकच ओळ: आमच्याकडं पाणी येत नाही, अधिवेशनात आवाज उठवावा. खाली सत्तावीस सह्या आणि नऊ अंगठे.

मी उत्साहानं प्रश्नाचा मसुदा लिहिला. 'शेतकऱ्यांवर अन्याय होत आहे' वगैरे. अप्पांनी वाचला आणि बाजूला ठेवला. "अन्याय होतोय हे मला माहीत आहे. पण सभागृहात अन्यायाला किलोमीटर लागतो. जा, चारी चालून ये."

गेलो. पाटकऱ्याला बरोबर घेतलं आणि वितरिकेच्या तोंडापासून शेवटच्या शेतचारीपर्यंत चाललो. एप्रिलचं ऊन, पायाखाली तडकलेला गाळ. पाटकरी बोलता बोलता सगळं सांगत होता: कुठलं दार गंजून अर्ध्यात अडकलंय, कुठं अस्तरीकरण उखडून पाणी ओढ्याला जातं, कुणाच्या शेतापाशी रात्री पाइप पडतो. मी वहीत लिहून घेतलं. चौदा दारांपैकी सहा नादुरुस्त. टेलच्या गावांनी नमुना सात भरून पाण्याची मागणी केलेली, त्याच्या पावत्या जमवल्या. तीन आवर्तनांच्या तारखा मिळवल्या.

मग प्रश्न तयार झाला. विधिमंडळाच्या प्रश्नाचा एक ठरलेला साचा असतो. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात. मग एक: अमुक वितरिकेची सहा दारे नादुरुस्त आहेत, हे खरे आहे काय. दोन: असल्यास, दुरुस्तीसाठी कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. तीन: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. बाहेरच्या माणसाला ही भाषा कोरडी वाटते. मला आजही ती फार ताकदीची वाटते. 'हे खरे आहे काय' या चार शब्दांपुढं सरकारला होय किंवा नाही म्हणावंच लागतं, आणि जे म्हटलं ते छापून येतं.

आमचा प्रश्न यादीत फार खाली लागला. प्रश्नोत्तराचा तास एकच असतो. वरचे थोडे प्रश्न तोंडी चर्चेला येतात, बाकीच्यांची लेखी उत्तरं सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात. आमचा पुकारला गेलाच नाही. मी हिरमुसलो. अप्पा मात्र म्हणाले, "गावी फोन लाव."

लावला. पाटकऱ्यानं सांगितलं, गेल्या आठवड्यात चार दारं बदलून झाली, उरलेल्या दोनांचं माप घेऊन गेलेत.

तारांकित प्रश्न सभागृहात काय करतो ते लोक बघतात. तो सभागृहात यायच्या आधीच बरंच काही करून जातो, हे मी त्या दिवशी शिकलो. प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातल्या विभागाकडं जातो. तिथून मंडळ कार्यालयाकडं, मग विभागीय, मग उपविभागीय कार्यालयाकडं. प्रत्येक पायरीवर एक अधिकारी विचारतो, हे खरं आहे का? आणि खालच्या माणसाला कळतं की आता मंत्र्यांच्या सहीनं उत्तर जाणार आहे. उत्तर लिहिण्याआधी जागेवर जावं लागतं. जागेवर गेलं की दार दिसतं.

छापील उत्तर आलं त्यात लिहिलं होतं, 'हे अंशतः खरे आहे.' हे चार शब्द वाचायला शिकणं म्हणजे निम्मं संसदीय काम शिकणं. 'हे खरे नाही' म्हणजे विभाग ठाम आहे. 'अंशतः खरे आहे' म्हणजे दुखरी नस सापडली, आता पुढचा प्रश्न नेमका हवा. अप्पांनी मुंबईच्या पुढच्या अधिवेशनात लक्षवेधी सूचना दिली आणि ती लागली. आदल्या रात्री आकाशवाणी आमदार निवासातल्या खोलीत ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोकत होते: "अध्यक्ष महोदय, अंशतः म्हणजे किती किलोमीटर?" सकाळी सभागृहात तेवढंच विचारलं आणि खाली बसले. मंत्र्यांनी उरलेल्या अस्तरीकरणाचं काम पुढच्या हंगामाआधी पूर्ण करू असं सांगितलं. मंत्र्यांचं असं वाक्य कार्यवाहीत नोंदलं जातं आणि आश्वासन ठरतं. ते पाळलं गेलं की नाही हे तपासायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. अप्पांनी लगेच ओरडून श्रेय घेतलं नाही. प्रतिवेदकांनी टिपलेल्या भाषणाची असुधारित प्रत आम्ही मिळवली, तिची झेरॉक्स काढली आणि ती वहीच्या पानावर सही करणाऱ्या सत्तावीस जणांच्या गावी पाठवली. चावडीत ती मोठ्यानं वाचली गेली. नऊ अंगठेवाल्यांनी ती ऐकली.

निवेदन घ्यायला खाली उतरणारा माणूस

डिसेंबरात आमचा मुक्काम नागपूरला. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे वर्षातलं एक अधिवेशन तिथं होतं. मुंबईचं अधिवेशन मंत्रालयाच्या सावलीत होतं, नागपूरचं मोर्च्यांच्या आवाजात. टेकडी रोडवर, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला एकामागून एक मोर्चे येऊन थांबतात. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, धान उत्पादक, भटके विमुक्त. लेकरं कडेवर, भाकरीची फडकी बरोबर.

नागपुरात काम करणारा कुणीही जुना माणूस नव्या पीएला २३ नोव्हेंबर १९९४ ची गोष्ट सांगतो. मलाही एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं ती गोवारी स्मारकापाशी उभं करून सांगितली. त्या दिवशी विधान भवनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. सरकारकडून कुणी येईल, आपलं म्हणणं ऐकून घेईल, म्हणून माणसं थांबली होती. संध्याकाळ झाली, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यांत बायका आणि मुलं खूप होती. तो सहकारी मला म्हणाला, "कागद घ्यायला माणूस वेळेवर गेला नाही की काय होतं, ते इथं दगडावर लिहिलंय."

ती गोष्ट ऐकली त्या वर्षापासून अप्पांचा एक नेम मी कधी मोडू दिला नाही. सभागृहात कितीही महत्त्वाचं कामकाज असो, आमच्या तालुक्यातली दहा माणसं जरी मोर्च्यात असली तरी अप्पा दुपारच्या सुट्टीत चालत तिथं जात. त्यांना फार बोलायचं नसे. निवेदन दोन्ही हातांनी घ्यायचे, तिथंच उभ्यानं वाचायचे, समजलं नाही ते विचारायचे. एकदा एका अंगणवाडी सेविकेनं त्यांना म्हटलं, "अप्पा, मागणी मान्य नाही झाली तरी चालंल, पण तुम्ही वाचलंत हे बरं झालं." रात्री खोलीवर आल्यावर अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मान्य नाही झाली तरी चालंल असं तिला म्हणावं लागतंय. आपल्याला ते चालता कामा नये." दुसऱ्या दिवशी त्यांनी औचित्याच्या मुद्द्यावर तो विषय मांडला.

शेरा आणि आग

मंत्रालयात जाणाऱ्याला मजले कळतात, पण कागद मजल्यावर नसतो, कार्यासनावर असतो. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव असा तो चढतो आणि तसाच उतरतो. मंत्री पत्रावर जो शेरा लिहितात त्यावर त्याचा पुढचा जन्म ठरतो. गावाकडून आलेला कार्यकर्ता शेरा बघून खूश होऊन परत जायचा: "मंत्र्यांनी सही केली, काम झालं!" मला त्याला थांबवून सांगावं लागे. 'नियमानुसार कार्यवाही करावी' असं लिहिलं असेल तर कागद परत मंत्र्यांकडं येण्याचं बंधन नाही. 'तपासून सादर करावे' असं असेल तर विभागाला तो तपासून पुन्हा वर आणावा लागतो. दोन्ही ओळी सारख्याच सभ्य दिसतात, पण एकीत कागदाला परतीचं तिकीट असतं.

म्हणून अप्पांची सवय होती की प्रत्येक पत्राच्या तीन प्रती करायच्या. एक विभागाला, एक पोच घेऊन आमच्याकडं, एक ज्याचं काम त्याच्याकडं. जावक नोंदवहीत तारीख, विषय, कार्यासन आणि शेवटच्या रकान्यात 'उत्तर'. तो रकाना रिकामा असला की दर सोमवारी मी फोन करायचा. सहकारी पीए म्हणायचे, तुमच्या साहेबांना कारकुनीचा सोस आहे.

२१ जून २०१२ ला दुपारी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि ती वर पसरली. पाच माणसं दगावली. किती तरी विभागांचे कागद जळाले. आम्ही तालुक्याच्या गावी टीव्हीपुढं बसून ते बघत होतो. अप्पांनी पहिल्यांदा विचारलं ते आत अडकलेल्या माणसांबद्दल. नंतर, उशिरा रात्री, त्यांनी नोंदवही मागवली.

पुढच्या काही आठवड्यांत विभागांनी जिल्ह्यांकडून आणि जिथून मिळतील तिथून जुन्या कागदांच्या प्रती गोळा करून नस्त्या पुन्हा उभ्या करायला घेतल्या. मी दोन सुटकेस भरून झेरॉक्स घेऊन मुंबईला गेलो. त्यांत एका धरणग्रस्त वस्तीच्या गावठाणाचं प्रकरण होतं, नऊ वर्षं चाललेलं. एका कार्यासनावरच्या बाईंनी पोचेचे शिक्के एकेक करून तपासले. त्यांच्या हातावर राखेचे डाग होते, कारण त्या सकाळपासून अर्धवट जळालेले गठ्ठे उलगडत होत्या. त्या म्हणाल्या, "आमची फाईल गेली, पण तुमची पोच आहे. पुन्हा उभी करू." त्यांनी ती उभी केली. त्या बाईंसारखी माणसं सरकारात आहेत, त्यांच्याबद्दल कुणी छापत नाही, म्हणून मी इथं लिहितो आहे.

मंजूर म्हणजे झालं नव्हे

प्रत्येक अधिवेशनानंतर आम्ही चार पानी पत्रक काढायचो. त्यात अधिवेशनात विचारलेले प्रश्न, मिळालेली उत्तरं, तालुक्यात मंजूर झालेली कामं, शिष्यवृत्तीच्या तारखा, दाखल्यांची शिबिरं, टँकरच्या खेपा, एसटीच्या बदललेल्या वेळा असायच्या. तालुक्याच्या छापखान्यात तीन हजार प्रती निघायच्या. त्या जायच्या दूध संकलन केंद्रांवर, पिठाच्या गिरण्यांवर, ग्रामपंचायतीत, एसटी स्टँडवर.

असं पत्रक काढणारे आम्ही काही पहिले नव्हतो. १९५७ मध्ये मावळातून आणि पुढं पुण्याच्या शुक्रवार पेठेतून निवडून आलेले रामभाऊ म्हाळगी दरवर्षी आपल्या कामाचा लेखी अहवाल मतदारांपुढं ठेवत. ते जनसंघाचे, आमचे अप्पा वेगळ्या विचारांचे. पण अप्पा म्हणायचे, "चांगली रीत कुणाच्या घरची आहे हे बघायचं नसतं. मतदार आपल्याला पाच वर्षांचा किल्ला देतात. किल्लेदारानं दर वर्षी हिशेब द्यायला नको?"

तिसऱ्या की चौथ्या पत्रकाच्या वेळची गोष्ट. पहिल्या पानावर मी ठळक मथळा दिला होता: 'तालुक्यात २२ रस्त्यांची कामे मार्गी'. आठ दिवसांनी अप्पा एका गावी दूध संकलन केंद्रात थांबले. पहाटेची वेळ, फॅट काढायच्या यंत्रापाशी रांग. भिंतीवर आमचं पत्रक चिकटवलेलं होतं आणि त्यातल्या त्या गावाच्या रस्त्यापुढं कुणी तरी निळ्या शाईनं लिहिलं होतं: 'कुठाय?'

केंद्राचा सचिव ओशाळला, पत्रक काढायला लागला. अप्पांनी त्याला थांबवलं आणि ज्यानं लिहिलं त्याला बोलवा म्हणाले. एक पोरगेला शेतकरी पुढं आला, हातात किटली. घाबरला होता. अप्पांनी विचारलं, "रस्ता झाला नाही?" तो म्हणाला, "अप्पा, खडी बी पडली न्हाई." अप्पा त्याला म्हणाले, "बरोबर लिहिलंस. चूक आमची आहे."

गाडीत बसल्यावर मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ते शांतपणे म्हणाले, "आपल्या लेखी मंजूर म्हणजे आनंद. त्याच्या लेखी मंजूर म्हणजे काहीच नाही. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, एवढं सगळं मधे आहे. ते त्याला कधी सांगितलंस?"

पुढच्या अंकापासून कामांच्या तक्त्यात चार रकाने आले: मागितलं, मंजूर, झालं, राहिलं. चौथ्या रकान्यात कारण लिहायचं, तेही खरं. 'जागेचा वाद', 'ठेकेदारानं काम सोडलं', 'प्रस्ताव आमच्याकडून उशिरा गेला'. हे शेवटचं कारण छापायला कार्यकर्त्यांचा सक्त विरोध होता. "विरोधकांच्या हातात कोलीत देताय," ते म्हणाले. अप्पांनी ते छापलं. त्या अंकानंतर कार्यालयात येणारी माणसं बदलली असं मला स्पष्ट दिसलं. पूर्वी येऊन म्हणायची, आमचा रस्ता करा. आता म्हणायला लागली, आमचं काम दुसऱ्या रकान्यात अडकलंय, तिसऱ्यात कधी जाणार? गावाला फाईलचा रस्ता कळायला लागला होता.

आमदार निधीबद्दलही तेच. आमदाराच्या खिशात निधीची थैली असते असं कित्येकांना वाटतं. आज हा निधी वर्षाला ५ कोटी आहे, तेव्हा पुष्कळ कमी होता. आमदार फक्त काम सुचवतो. पैसा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, मान्यता आणि मोजमाप होऊन खर्च होतो. शंभरावर गावं, त्यांच्या वाड्यावस्त्या, आणि प्रत्येकाला सभामंडप हवा. ग्रामविकासाच्या 'पंचवीस-पंधरा' या लेखाशीर्षातून काय मिळेल, दलित वस्ती योजनेत काय बसेल, आमदार निधीतून काय, हे गणित मांडता मांडता रात्री उजाडायच्या. पत्रकात आम्ही हेही छापलं, सोप्या शब्दांत, कोणता पैसा कुठून येतो आणि कोण देतो. पुढच्या पंचायत समितीच्या आमसभेत लोकांनी लेखाशीर्षासकट प्रश्न विचारले. अप्पा अध्यक्षस्थानी होते. त्यांना घाम फुटला आणि समाधानही वाटलं.

पाच दहाची गाडी

या सगळ्या पत्रकांत सर्वात जास्त वाचली गेलेली बातमी कुठली, असं कुणी विचारलं तर मी एसटीची सांगेन.

एका वाडीतल्या आठवी-नववीच्या मुलींनी पोस्टकार्ड पाठवलं होतं. शाळा सुटते पाच वीसला, गाडी जाते पाच दहाला. पुढची गाडी साडेसातला. म्हणून मुली शेवटचा तास बुडवून गाडी धरत, नाही तर अंधार पडेपर्यंत दोन तासांवर स्टँडवर थांबत. दोघींच्या घरच्यांनी शाळा बंद केली होती. यात ना निधी लागणार होता, ना लक्षवेधी.

तरीही तीन महिने लागले. कारण पाच दहाची गाडी पुढं दुसऱ्या गावची मुक्कामी गाडी होती, तिच्या वेळेवर तिसऱ्या गावच्या दुधाच्या किटल्या अवलंबून होत्या. अप्पा आणि मी आगार व्यवस्थापकांसमोर वेळापत्रकाचा कागद पसरून तीनदा बसलो. शेवटी वाट सापडली, एका गाडीचा फेरा उलटा फिरवून. गाडी पाच चाळीसला झाली. पत्रकात ती बातमी दोन ओळींची होती, आत, तिसऱ्या पानावर.

आणि मग त्या दोघी शाळेत परत आल्याचं आम्हाला मुख्याध्यापकांनी कळवलं नाही, मुलींनीच कळवलं. पुन्हा पोस्टकार्ड. त्यावर एवढंच लिहिलं होतं: 'पत्र पोचले. गाडी पोचली. आम्ही पोचतो.' ते कार्ड अप्पांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. मोठमोठे लोक येऊन बसायचे, त्यांच्या कोपराखाली ते असायचं.

एसटी आणि आमदार म्हटलं की महाराष्ट्राला सांगोल्याचे गणपतराव देशमुख आठवतात. १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले, २०१४ मध्ये अकराव्यांदा. मधे १९७२ आणि १९९५ ला हरले, १९९५ ला तर अवघ्या १९२ मतांनी. पण आयुष्यभर एसटीनं फिरले आणि दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदेत शेवटपर्यंत पाण्याचा धोशा सोडला नाही. आमच्या पिढीतले पीए त्यांचं नाव काढलं की सावरून बसतात. एसटीतल्या आमदारासाठी राखीव असलेल्या आसनावर बसणारा आमदार शेजारच्या माणसाचं गाऱ्हाणं तालुक्याच्या गावापर्यंत ऐकतो. त्या प्रवासात मधे पीए नसतो, चिठ्ठी नसते, ताटकळणं नसतं. ३० जुलै २०२१ ला ते गेले तेव्हा अप्पांनी मला फोन केला. खूप वेळ दोघंही काही बोललो नाही.

शेवटची यादी

२०१९ ला अप्पांनी उभं राहायचं नाही असं ठरवलं. वय झालं होतं, पाय साथ देत नव्हते. निकाल लागला, तालुक्यात समोरच्या पक्षाचा तरुण उमेदवार निवडून आला. आमच्या कार्यालयातल्या खुर्च्या, कपाटं कार्यकर्ते घेऊन गेले. उरल्या पंधरा वर्षांच्या एकवीस नोंदवह्या.

अप्पांनी मला आठ दिवस त्यांपुढं बसवलं. ज्या ज्या ओळीपुढं 'उत्तर' हा रकाना रिकामा होता ती ओळ वेगळ्या कागदावर उतरवायची. रस्ते, साकव, शाळेच्या खोल्या, एका वस्तीची वीज, काही निराधारांची प्रकरणं. यादी सत्तेचाळीस पानांची झाली. प्रत्येक कामापुढं सध्या फाईल कुठल्या टेबलावर आहे आणि कुठला कागद कमी आहे, हे लिहिलं. त्यातलं एकही काम पूर्ण झालं तर श्रेय आता दुसऱ्याला जाणार होतं. मी हे बोलून दाखवलं. अप्पा म्हणाले, "माणसं तीच आहेत ना?"

नव्या आमदारांचं कार्यालय एसटी स्टँडसमोर होतं. मी गठ्ठा घेऊन गेलो. पायरीवर बायामाणसं बसलेली. आत एक पंचविशीतला मुलगा, पहिलाच आठवडा, टेबलावर अर्जांचा ढीग, डोळे तांबारलेले. मी गठ्ठा त्याच्यापुढं ठेवला, काय आहे ते सांगितलं. तो गडबडला. "ठेवतो साहेबांपुढं," म्हणाला, "या तुम्ही."

मी जागचा हललो नाही. "पोच द्या," म्हणालो.

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. मग ड्रॉवरमधून नवाकोरा शिक्का काढला, माझ्या प्रतीवर उठवला, तारीख घातली, खाली सही केली. नंतर स्वतःहून नवी नोंदवही उघडली आणि पहिल्या पानावर उभ्या रेघा मारायला लागला. शेवटच्या रकान्याला काय नाव द्यायचं, असं त्यानं मला विचारलं.

मी सांगितलं.